पेंटरच्या सॅक, गिऱ्हाइकांची कॅलेंडरं आणि स्कूटरची सोडत: दुकानाच्या खर्चात काय धरता येतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यात हार्डवेअर आणि रंगांचं एकमालकी दुकान. गेल्या वर्षीची उलाढाल १ कोटी ६० लाख. जीएसटी नोंदणी नेहमीची, कंपोझिशन (लहान धंद्यांसाठीची ठोक दराची योजना) नाही. दिवाळीत १५० पेंटरना दुकानाचं नाव छापलेल्या सॅक दिल्या, चार मोठ्या ठेकेदारांना प्रत्येकी २४,००० रुपयांचा मोबाइल दिला, गिऱ्हाइकांना १,००० कॅलेंडरं वाटली. त्याआधी गणेश मंडळाला कमानीवर दुकानाचं नाव लावण्यासाठी २१,००० रुपये रोख दिले. पुढच्या दिवाळीत बिलामागे कूपन देऊन स्कूटरची सोडत काढायचा विचार आहे. एक जण सांगतो की भेटवस्तूंची वजावट मिळतच नाही. दुसरा म्हणतो, नव्या करप्रणालीत कसलीच वजावट नसते. तिसरा म्हणतो, सगळं जाहिरात खर्चात टाकून मोकळे व्हा.

आधी दुसऱ्याचं म्हणणं बाजूला करू, कारण हा गैरसमज फार पसरलाय. नव्या करप्रणालीत ८०सी, ८०डी, ८०जी अशा वैयक्तिक वजावटी जातात. धंद्याचा खर्च जात नाही. दुकानाचं भाडं, नोकरांचा पगार, जाहिरात हे सगळं नफा काढतानाच वजा होतं आणि त्यासाठी जुनी प्रणाली निवडावी लागत नाही.

उरलेल्या दोघांचं उत्तर एका वाक्यात बसत नाही. तुमच्या यादीतल्या बहुतेक खर्चाला आयकरात वजावट मिळायला हरकत नाही. पण तुमचे पैसे जाणार आहेत ते दुसरीकडे, म्हणजे जीएसटीच्या आयटीसीत (खरेदीवर भरलेल्या कराचं मिळणारं क्रेडिट), टीडीएसमध्ये (देणाऱ्याने देतानाच कापून सरकारला भरायचा कर) आणि रोखीने दिलेल्या रकमेत. लोक आयकराची काळजी करत बसतात आणि या तीन जागा मोकळ्या सोडतात.

कलमांच्या आकड्यांबद्दल एक खुलासा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. गेल्या दिवाळीचा खर्च आर्थिक वर्ष २०२५-२६ चा धरतोय. त्याला १९६१ चाच कायदा लागतो, म्हणून इथले क्रमांक जुने आहेत. खर्च मान्य होण्याचं मूळ तत्त्व नव्या कायद्यातही तेच आहे.

सगळ्यात आधी एक तपासा. तुम्ही विवरणपत्र कलम ४४एडी खाली भरता का? उलाढाल २ कोटींच्या आत असल्यामुळे तुम्ही त्यात बसता. तिथे बँकेतून किंवा डिजिटल आलेल्या विक्रीवर ६ टक्के आणि रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा मानला जातो, आणि सगळा खर्च त्यातच मिळाला असं धरतात. म्हणजे सॅक दिल्या काय, न दिल्या काय, आयकरात एक रुपयाचाही फरक पडत नाही. तसं असेल तर वजावटीचा प्रश्नच संपला. पण लक्षात ठेवा, जीएसटीचे आणि टीडीएसचे नियम ४४एडी घेतलं म्हणून सुटत नाहीत. आणि केवळ या भेटींची वजावट मिळावी म्हणून ४४एडी सोडू नका. एकदा घेऊन सोडलं की पुढची पाच वर्षं परत घेता येत नाही. शिवाय तुमची उलाढाल १ कोटीच्या वर असल्याने, रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांपेक्षा जास्त असतील तर कर-लेखापरीक्षण करून घ्यावं लागेल. पुढचं सगळं तुम्ही नेहमीच्या वह्या ठेवून खरा नफा दाखवता असं धरून लिहितो.

कलम ३७(१) म्हणतं की खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी केलेला हवा, तो भांडवली किंवा घरगुती नसावा आणि कायद्याने मनाई असलेल्या कामासाठी नसावा. खर्च 'आवश्यक' होता हे सिद्ध करावं लागत नाही. ससून जे. डेव्हिड प्रकरणात १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. त्यामुळे 'पेंटरना सॅक द्यायची गरज काय होती?' हा प्रश्न अधिकाऱ्याने विचारायचा नाही. तो एवढंच विचारू शकतो की सॅक खरंच घेतल्या का, कोणाला दिल्या आणि त्यांचा तुमच्या धंद्याशी संबंध काय. पेंटर कोणत्या दुकानातून रंग उचलायचा हे ठरवतो, म्हणून संबंध उघड आहे. तो कागदावर दिसला पाहिजे इतकंच.

कागद कोणता? सॅक विकणाऱ्याचं दुकानाच्या नावाचं, जीएसटी क्रमांक टाकलेलं बिल तर हवंच. पण केवळ बिलाने माल घेतला हे कळतं, वाटला हे कळत नाही. म्हणून एक साधी वही करा. तारीख, पेंटरचं नाव, गाव, मोबाइल नंबर, काय दिलं आणि सही, एवढे रकाने पुरे. १५० सह्या एका दुपारी होतात, कारण दिवाळीच्या तोंडावर पेंटर हिशेब करायला दुकानात येतातच. सॅकवर छापलेलं नाव दिसेल असा, वाटपाच्या वेळचा एखादा फोटो बिलासोबत ठेवा. नाव छापलेली वस्तू आणि कोरी वस्तू यांत अधिकाऱ्याच्या लेखी मोठा फरक असतो. छापील वस्तू घरी वापरायला किंवा नातेवाइकांत द्यायला घेतली असेल असं कोणी सहसा म्हणत नाही. कोऱ्या चांदीच्या नाण्याबद्दल ते लगेच म्हटलं जातं.

याच वहीवरून दुसरी गोष्ट निघते. १५० सॅक घेतल्या आणि सह्या १३२ आल्या, तर उरलेल्या १८ चं काय झालं? दुकानात असतील तर तसं लिहून पुढच्या वर्षी वाटा. मेहुण्याच्या आणि शेजाऱ्यांच्या घरी गेल्या असतील तर तेवढी रक्कम मालकाच्या उचल खात्यावर टाका. अठरा सॅकसाठी सगळा खर्च संशयात ओढून घेण्यात शहाणपण नाही.

आता जीएसटी, कारण माझ्याकडे येणाऱ्या फायलींत सर्वांत जास्त चुका इथेच दिसतात. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७(५)(एच) सांगतं की भेट किंवा मोफत नमुना म्हणून दिलेल्या मालावरचा आयटीसी मिळत नाही. भेट धंद्यासाठी दिली हे कारण इथे चालत नाही. आयकरात जे कारण वजावट मिळवून देतं, तेच जीएसटीत उपयोगी पडत नाही, आणि लोक नेमके इथे फसतात. विक्रेता त्याचं जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरण भरतो, बिल तुमच्या २बी मध्ये, म्हणजे खरेदीवरच्या कराच्या तयार यादीत, आपोआप येतं, आणि हिशेबनीस महिन्याच्या २० तारखेच्या घाईत सगळा आयटीसी उचलून टाकतो.

तुमच्या सॅकचा हिशेब मांडून बघा. १५० सॅक, प्रत्येकी ४०० रुपये, मूळ किंमत ६०,०००. बिलावर १८ टक्के कर धरला तर १०,८००. एकूण ७०,८००. हे १०,८०० आयटीसी म्हणून घेऊ नका. २बी मध्ये आले असतील तर ३बी या तुमच्या जीएसटी विवरणात ४(ए)(५) या रकान्यात दाखवून ४(बी)(१) मध्ये परत करा. असं केल्यावर तो कर तुमच्या खर्चाचा भाग होतो आणि आयकरात पूर्ण ७०,८०० ची वजावट मागता येते. उलट, आयटीसी घेऊन वापरून टाकला असेल तर तो १८ टक्के व्याजासह परत करावा लागेल. एकाच कराचा आयटीसीही घ्यायचा आणि तीच रक्कम खर्चातही धरायची हे मात्र चालणार नाही. लेखापरीक्षणात ही गोष्ट हमखास सापडते.

मोबाइलचंही तेच. चार मोबाइल, कराआधी प्रत्येकी २४,०००, म्हणजे ९६,०००, आणि त्यावरचा १८ टक्के कर १७,२८०. हा आयटीसीही नाही. ठेकेदारांसोबत आधीच लेखी स्कीम ठरली होती, वर्षात अमुक लाखांचा माल उचलला तर मोबाइल, म्हणून ही भेट नाही, तो मालाच्या किमतीचाच भाग आहे, असा युक्तिवाद करता येतो. पण त्यावर वाद आहे, आणि १७ हजारांसाठी सांगलीतल्या दुकानदाराने त्या वादात उतरावं असं मी सुचवणार नाही.

कॅलेंडरांची गोष्ट थोडी वेगळी. पत्रकं, फ्लेक्स, दुकानातले पोस्टर यांवरचा आयटीसी बिनधास्त घ्या. ती जाहिरात आहे, त्यात कोणाला वस्तू भेट मिळत नाही. कॅलेंडर मधल्या पट्ट्यात येतं. ती जाहिरातच आहे असं म्हणता येतं आणि घरात वापरायची वस्तू दिली असंही म्हणता येतं. ३५ रुपयांच्या हजार कॅलेंडरांवर कराची रक्कमच अशी किती? सोडून द्या आणि पूर्ण रक्कम खर्चात धरा.

दुकानातलाच माल फुकट दिला असेल, तर आणखी एक खाच आहे. समजा नवीन रंगाचे एक लिटरचे २० डबे पेंटरना वापरून बघायला दिले. खरेदी ३०० रुपयांनी, म्हणजे ६,००० आणि कर १,०८०. खरेदीच्या वेळी आयटीसी घेतलेला असणार, तो १,०८० परत करा. आयकरात बघा, ते ६,००० खरेदी खात्यात आधीच आहेत आणि वर्षअखेरच्या शिल्लक मालात हे डबे नाहीत. म्हणजे खर्च नफ्यातून आपोआप वजा झाला आहे. आता वेगळं व्हाउचर करून जाहिरात खर्चाला ६,००० टाकले आणि भांडवल खातं जमा केलं, तर एकच रक्कम दोनदा वजा झाली. नोंद करायचीच असेल तर जाहिरात खर्च नावे, खरेदी जमा. टॅलीत शिल्लक माल ठेवत असाल तर सोबत स्टॉक जर्नलही करा, नाहीतर पडताळणीच्या दिवशी २० डबे कुठे गेले हे शोधत बसावं लागतं.

आयटीसी वाचवायचा असेल तर भेट न देता ती विक्रीतच बसवा. ७ मार्च २०१९ च्या ९२/११/२०१९ क्रमांकाच्या परिपत्रकात याचा खुलासा आहे. 'एकावर एक' सारख्या योजनेत दुसरी वस्तू फुकट दिली असं धरत नाहीत, दोन वस्तू मिळून एक किंमत घेतली असं धरतात, म्हणून आयटीसी शिल्लक राहतो. २० लिटरच्या डब्यासोबत रोलर द्यायचा तर बिलावर 'डबा आणि रोलर' असा एकत्र संच लिहा. दोन वस्तूंचे कराचे दर वेगळे असतील तर संचाला त्यातला जास्त दर लागू शकतो, एवढं आधी बघून घ्या. त्याहून सोपं म्हणजे बिलावरच सूट दाखवणं. बिलात लिहिलेली सूट कराच्या किमतीतूनच वजा होते. सूट म्हणजे भेट नव्हे, तिला ना १७(५) लागतं ना पुढचा टीडीएस.

आता तुमच्या प्रश्नातला सर्वांत महागडा भाग: चार मोबाइल. १ जुलै २०२२ पासून कलम १९४आर आलं. कोणाला त्याच्या धंद्यामुळे किंवा व्यवसायामुळे वस्तू, सहल किंवा दुसरा काही लाभ दिला आणि वर्षभरात त्याची एकूण किंमत २०,००० च्या वर गेली, तर १० टक्के टीडीएस. एकमालकी दुकानाला हे लागू होण्यासाठी आदल्या वर्षाची उलाढाल १ कोटीच्या वर असावी लागते. तुमची आहे. घरासाठी रंग न्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला हे कलम लागत नाही, कारण तो लाभ त्याच्या धंद्यातून येत नाही. ठेकेदाराला लागतं. आणि २०,००० ची मर्यादा ओलांडली की वरच्या चार हजारांवर नाही, पूर्ण रकमेवर कर लागतो.

ठेकेदाराला सॅकही मिळाली असेल तर बेरीज २४,४००. जीएसटी यात धरायचा नाही, तसं १६ जून २०२२ च्या १२/२०२२ परिपत्रकात स्पष्ट आहे. टीडीएस २,४४०. आता वस्तूतून कर कापायचा कसा? दोन वाटा आहेत. एक, मोबाइल हातात देण्याआधी ठेकेदाराने स्वतः तेवढा आगाऊ कर भरावा आणि चलनाची प्रत व तसं निवेदन तुम्हाला द्यावं. प्रत्यक्षात कोणी भरत नाही, निदान दिवाळीच्या आठवड्यात तरी नाही. दुसरी वाट, कर तुम्हीच भरायचा. पण मग भरलेला करही त्याला दिलेला लाभच होतो, म्हणून हिशेब वाढवून करावा लागतो. २४,४०० भागिले ०.९ म्हणजे २७,१११, आणि त्यावर कर २,७११. चौघांचे मिळून १०,८४४. पॅन नसेल तर दर २० टक्के होतो, म्हणून पॅन वस्तू देण्याआधी घ्या, नंतर फोन उचलला जात नाही.

हा कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा आणि तिमाहीच्या २६क्यू विवरणात दाखवायचा. ऑक्टोबर ते डिसेंबरचं विवरण ३१ जानेवारीपर्यंत. यासाठी टॅन, म्हणजे टीडीएस कापणाऱ्याचा क्रमांक, लागतो. बऱ्याच दुकानदारांकडे तो नसतोच, कारण त्यांना टीडीएसची वेळ याआधी आलेली नसते. ठेकेदाराला १६ए हे टीडीएसचं प्रमाणपत्र द्या. त्याच्या २६एएस या कराच्या उताऱ्यात मोबाइलची रक्कम दिसेल आणि त्याला ती उत्पन्नात दाखवावी लागेल, हे त्याला आधी सांगा. कितीतरी चांगले संबंध एवढ्या एका नोंदीवरून बिघडतात.

पुढच्या वर्षी एवढा व्याप नको असेल तर मोबाइल १९,००० च्या आतला घ्या आणि सॅक धरून एकूण २०,००० खाली ठेवा. वर्षभरातल्या सगळ्या वस्तू मोजल्या जातात, पाडव्याला दिलेली भेटसुद्धा. किंवा तेवढीच रक्कम त्याच्या पुढच्या बिलात सूट म्हणून द्या. परिपत्रकात विक्रीवरची सूट, रोख सूट आणि रिबेट १९४आर मधून वगळले आहेत, 'दहावर दोन फुकट' सारखी योजनाही वगळली आहे. मोबाइल, टीव्ही, सोन्याचं नाणं, सहल यांना मात्र ती सवलत नाही. गिऱ्हाईक आणल्याबद्दल पेंटरला रोख कमिशन देत असाल तर ते १९४आर मध्ये न जाता १९४एच मध्ये जातं. वर्षाला २०,००० च्या वर गेलं की २ टक्के.

मंडळाचे २१,००० मला सरळ बुडालेले दिसतात, आणि हे वाईट वाटतं, कारण दहा मिनिटांच्या काळजीने ते वाचले असते. मंडळाला दिलेल्या पैशाचे दोन प्रकार होतात. पावतीवर नुसतं 'वर्गणी' असेल तर ती देणगी. धंद्याचा खर्च म्हणून चालत नाही. देणगीची वजावट देणाऱ्या ८०जी साठी मंडळाची त्या कलमाखाली मान्यता हवी, तुम्ही जुन्या करप्रणालीत हवेत आणि रोख देणगी २,००० च्या आत हवी. यातलं काहीच बसत नाही. कमानीवर नाव लावलं म्हणून तो जाहिरात खर्च म्हणायचा, तर ते म्हणणं बरोबर आहे. पण कलम ४०ए(३) मुळे एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलेला खर्च अमान्य होतो. १०,००० च्या वरचा भाग नव्हे, पूर्ण २१,०००. पुढच्या वर्षी मंडळाच्या नावाच्या खात्यावर चेक किंवा ऑनलाइन पैसे द्या, 'कमानीवरील जाहिरातीसाठी' असं लिहिलेली पावती मागा आणि कमानीचा फोटो ठेवा. हे जमलं की वजावट अडत नाही. स्मरणिकेत जाहिरात दिली तर अंकाचं ते पान ठेवा. फक्त स्मरणिका राजकीय पक्षाची असेल तर कलम ३७(२बी) मुळे तिथली जाहिरात कुठल्याही मार्गाने चालत नाही.

स्कूटरच्या सोडतीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: करू नका. कराआधी कायद्याचाच प्रश्न आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये माल खपवण्यासाठी घेतलेली सोडत किंवा नशिबाचा खेळ अनुचित व्यापारी प्रथेत मोडतो, आणि परवानगीविना लॉटरी चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे. बाजारात सगळे करतात हे उत्तर अधिकाऱ्यापुढे टिकत नाही. मनाई असलेल्या कामावरचा खर्च म्हणून ३७(१) च्या पहिल्या स्पष्टीकरणाखाली स्कूटरची अख्खी किंमत अमान्य होण्याचा धोका आहे. शिवाय बक्षिसावर ३० टक्के टीडीएस असतो. त्याला उलाढालीची अट नाही, लहानात लहान दुकानालाही लागतो. ९०,००० च्या स्कूटरवर २७,०००, आणि तो कर भरल्याची खात्री झाल्याशिवाय चावी द्यायची नाही. रंगाचे दोन डबे नेणाऱ्या माणसाकडे 'आधी सत्तावीस हजार भरा' म्हणायची वेळ येते. त्याने नाही म्हटलं की तो भार तुमच्यावर, तोही वाढीव हिशेबाने. तेच ९०,००० हमखास मिळणाऱ्या सवलतीत घाला. दहा हजारांच्या बिलावर इतकी सूट, वीस हजारांच्या बिलावर संचात रोलर आणि ब्रश. प्रत्येक गिऱ्हाइकाला काहीतरी मिळतं, आयटीसी राहतो आणि वरची कटकट राहत नाही.

काही लहान गोष्टी. नोकरांना दिलेली दिवाळी भेट या यादीत मिसळू नका, ती कर्मचारी कल्याण खात्यात जाते. नगरपालिकेच्या किंवा वीज खात्याच्या साहेबांना पाठवलेला सुकामेव्याचा डबा खर्चात धरू नका. ती भेट नव्हे, आणि धरलीत तर तुम्ही स्वतःच्या हाताने वहीत तसं लिहून ठेवताय. औषधांच्या धंद्यातले कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च मिळत नाही, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये अपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात तो मुद्दा संपवला आहे.

कॅलेंडरं छापणारा उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योजक असेल तर कलम ४३बी(एच) बघा. करार नसेल तर १५ दिवसांत, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. मुदत उलटून ३१ मार्चला त्याचं बिल थकलेलं असेल तर त्या वर्षी खर्च मिळत नाही, पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. डिसेंबरातलं कॅलेंडरचं बिल बरेचदा एप्रिलमध्ये फेडलं जातं, म्हणून हे नेमकं इथेच अडतं. सॅक विकणारा नुसता व्यापारी असेल, स्वतः बनवत नसेल, तर ही अट लागत नाही.

आता गेल्या वर्षाचं निस्तरायचं कसं, हे क्रमाने सांगतो. सगळ्यात आधी टीडीएस, कारण त्यावर महिन्यागणिक व्याज चढतं: कर कापायला हवा होता त्या तारखेपासून कापेपर्यंत दरमहा १ टक्का, कापल्यावर भरेपर्यंत दीड टक्का. २६क्यू उशिरा भरल्याचं शुल्क दिवसाला २०० रुपये आहे, फक्त ते कराच्या रकमेपेक्षा जास्त होत नाही. टॅन काढा, चौघांचे पॅन मिळवा, चलन भरा, विवरण भरा. टीडीएस न कापल्याबद्दल खर्चाचा ३० टक्के भाग अमान्य करण्याचा मुद्दाही अधिकारी काढू शकतो, आणि हे सगळं विवरणपत्राआधी केलंत तर त्या वादात तुमची बाजू भक्कम राहते. त्यानंतर सॅक आणि मोबाइलवरचा २८,०८० रुपयांचा आयटीसी घेतला गेलाय का ते २०२५-२६ च्या ३बी मध्ये तपासा. घेतला असेल तर पुढच्याच ३बी मध्ये ४(बी)(१) ला परत करा आणि तेवढी रक्कम जाहिरात खर्चात चढवा. पेंटरच्या सह्यांची वही नसेल तर आजही नावांची यादी करता येईल, पण सह्या आजच्या तारखेने घ्या. दिवाळीची मागची तारीख टाकून तयार केलेला कागद नसलेल्या कागदापेक्षा वाईट ठरतो. मंडळाचे २१,००० उत्पन्नाच्या हिशेबात स्वतःहून नफ्यात परत जोडा, म्हणजे ४०ए(३) ची नोंद लेखापरीक्षकाने काढायच्या आधी तुम्हीच दाखवलेली असेल.